गर्दीत गुदमरणारे बिनतारी यंत्र

रायपूर शहरातील पंडरी हा भाग घाऊक कापडबाजारासाठी साऱ्या छत्तीसगडात प्रसिद्ध आहे. शहराचे मुख्य बसस्थानकही २०२१ पर्यंत येथेच होते. त्या वर्षी ते भाठागावास हलविण्यात आले. गर्दी अरुंद वाटेच्या तोंडाशी कशी साचते, आणि ती साचली म्हणजे मागून येणाऱ्या निरुपद्रवी पादचाऱ्याचेही कसे अडते, हे पंडरीच्या रहिवाशास निराळे शिकवावे लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे वसत आली आहेत. त्यांच्या घरांतही आज इतरांप्रमाणेच भिंतीवर एक लहानसा डबा टांगलेला दिसतो. त्यास कोणी राउटर म्हणतात, कोणी नुसताच वाय-फायचा डबा. दिवसभर तो निमूटपणे काम करतो. परंतु संध्याकाळी घरातील सर्व माणसे एकाच वेळी त्याच्याकडे वळली, की तो दगा देतो. चित्र थिजते, आवाज तुटतो, आणि काही वेळाने जोडणीच नाहीशी होते.

हा दोष क्षुल्लक वाटेल. पण २०२० च्या उन्हाळ्यात तो तसा राहिला नाही. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. शाळा बंद पडल्या, आणि ७ एप्रिल रोजी छत्तीसगड शासनाने ‘पढई तुंहर दुआर’ या नावाने घरबसल्या शिक्षणाची योजना आरंभिली. शिक्षण तुमच्या दारी, असा त्या छत्तीसगडी शब्दांचा अर्थ. जेथे आंतरजाल पोहोचतच नव्हते अशा गावांसाठी ध्वनिमुद्रित पाठ ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देण्याची ‘बुलटू के बोल’ ही तोड काढण्यात आली. शहरांतील अडचण निराळी होती. तेथे जोडणी दारापर्यंत आलेली होती; गर्दी झाली होती ती उंबऱ्यात.

पंडरीतील अशा एका घराची कल्पना करावी. खाली कापडाचे दुकान, वर बिऱ्हाड. थोरला मुलगा नव्या साड्यांची छायाचित्रे व चलच्चित्रे बिलासपूर-दुर्गच्या किरकोळ व्यापाऱ्यांकडे पाठवीत आहे. दुकानातील कॅमेरा आपले चित्रण अखंड बाहेर धाडीत आहे. धाकटी मुलगी ठराविक वेळेत सोडवावयाची चाचणी देत आहे, आणि आजी पुण्याच्या नातवाशी बोलत बसली आहे. “बाळा, तुझा आवाज विहिरीतून येतो आहे रे,” असे आजी म्हणते, त्याच क्षणी मुलगी आतून ओरडते, “दादा, तुझे फोटो थांबव ना!” मुलीचा तर्क योग्य आहे, पण तो योग्य का, हे घरात कोणासही सांगता येत नाही. कोणीतरी उठून डब्याचे बटण बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. जोडणी परत येते, आणि मुलीच्या चाचणीतील चार मिनिटे गेलेली असतात.

बटण बंद करून चालू केल्याने यंत्र सुधारते, या गोष्टीतच निदानाचा पहिला धागा आहे. यंत्राचा एखादा भाग खरोखर जळाला असता, तर बटणाने तो बरा झाला नसता. म्हणजे यंत्राच्या आत काहीतरी साचत जाते आणि वीज तोडल्यावर ते रिकामे होते, असे मानावयास जागा आहे. काय साचते, हे जाणण्यासाठी डब्याची कामे समजून घेणे अगत्याचे आहे.

आंतरजालावरून जाणारा कोणताही मजकूर, मग तो साडीचे छायाचित्र असो वा आजीचा आवाज, लहान लहान तुकड्यांत विभागून पाठविला जातो. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. त्याचा आकार सामान्यतः १,५०० बाइटांहून मोठा नसतो. घरातील उपकरणांशी ही पॅकेटे बिनतारी लहरींवरून देणे-घेणे, कोणते पॅकेट कोणाचे याची नोंद ठेवणे, आणि ती सर्व बाहेरच्या एकमेव वाटेवर एकामागून एक सोडणे, अशी तिहेरी चाकरी राउटरला करावी लागते. गर्दीत यांपैकी कोणतेही काम कोलमडू शकते, आणि घरातील माणसास मात्र तिन्ही वेळा एकच लक्षण दिसते: जोडणी तुटली. एका रोगावर दुसऱ्याचे औषध दिले जाते ते यामुळेच.

रांगेचा रोग

प्रथम बाहेरच्या वाटेचा विचार करू, कारण बहुतेक घरांत रोग येथेच असतो. अनेक जोडण्यांत बाहेरून आत येण्याची वाट रुंद आणि आतून बाहेर जाण्याची वाट अरुंद ठेवलेली असते. घरातील बिनतारी लहरींचा वेग या बाहेरच्या वाटेपेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. त्यामुळे मोठी चलच्चित्रे पाठवू लागताच पॅकेटे वाटेच्या तोंडाशी गोळा होतात. त्यांना थांबण्यासाठी यंत्रात स्मृतीचा काही भाग राखून ठेवलेला असतो. त्यास बफर म्हणतात. हीच ती रांग.

रांगेचा स्वभाव मोठा फसवा असतो. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारा डॅनिश गणिती ए. के. अरलांग याने १९०९ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीचे गणित मांडले, तेव्हापासून या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. ग्राहक यदृच्छया येत असतील आणि प्रत्येकास लागणारा वेळही तसाच कमीअधिक असेल, तर वाट निम्मी वापरात असताना सरासरी ग्राहकास मोकळ्या वाटेच्या दुप्पट वेळ लागतो. वाट ८० टक्के भरली की पाचपट, ९० टक्के भरली की दहापट, आणि ९५ टक्क्यांस वीसपट! वर्दळ थोडीशी वाढते आणि खोळंबा एकदम भडकतो. दुपारी ठीक चालणारे यंत्र संध्याकाळी अकस्मात बिघडल्यासारखे वाटते त्यामागे हे गणित आहे. यंत्र दुपारी जसे होते तसेच संध्याकाळीही असते.

आता एक हिशेब करून पाहू. बाहेर जाण्याची वाट सेकंदाला १० लक्ष बिटांची आहे आणि यंत्रातील रांगेत २५६ किलोबाइट मावतात असे समजा. एका बाइटाचे आठ बिट, म्हणजे रांग भरली असता तीत सुमारे २१ लक्ष बिट उभे असतात. ती रांग सरकण्यास दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागेल. थोरल्या मुलाच्या छायाचित्रांस या दोन सेकंदांचे काहीच नाही. परंतु आजीच्या आवाजाचे चिमुकले पॅकेटही त्याच रांगेच्या शेपटाशी उभे राहते. दूरध्वनीवरील संभाषण सहज वाटावे यासाठी एका दिशेचा विलंब १५० सहस्रांश सेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. येथे तो तिच्या तेरा-चौदापट झाला. मुलीचा संगणक ‘अमुक संकेतस्थळाचा पत्ता काय?’ अशी जी लहानशी चौकशी बाहेर पाठवितो, तीही त्याच रांगेत अडकते. ठराविक काळ उत्तर न आल्यास संगणक चौकशी पुन्हा पाठवितो, गर्दीत आणखी भर टाकतो, आणि शेवटी आंतरजाल नाही असे जाहीर करतो. जोडणी वास्तविक तुटलेली नसते. ती रांगेत उभी असते.

मग रांग इतकी लांब ठेवलीच का? याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यामधील जोडणी अशीच कोलमडली. दोन्ही स्थळांत अंतर अवघे ४०० यार्ड. पण सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये आपला उपाय प्रसिद्ध केला. त्याचे सार असे की, एखादे पॅकेट वाटेत गळाले तर पाठविणाऱ्याने ती गर्दीची सूचना समजून आपला वेग कमी करावा, आणि वाट मोकळी दिसेल तसा तो हळूहळू वाढवावा. आजही आंतरजालाचा फार मोठा व्यवहार या शिस्तीवर चालतो. थोडी पॅकेटे गळणे हा या व्यवस्थेत दोष नसून तो निरोप आहे.

पुढे स्मृती स्वस्त झाली. पॅकेट गळणे हे पाप, अशा समजुतीने यंत्रे बनविणाऱ्यांनी रांगा लांबच लांब केल्या. हेतू चांगला होता यात संशय नाही. परिणाम मात्र असा झाला, की रांग काठोकाठ भरेपर्यंत काहीच गळत नाही, आणि पाठविणाऱ्यास गर्दीचा निरोप मिळतो तो फार उशिरा. २०१० मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ जिम गेटीस याने आपल्याच घरून मोठ्या फाइली पाठविताना विलंब सेकंदापलीकडे गेल्याचे मोजले, आणि या विकारास ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. आपण त्यास रांगेची सूज म्हणू. घरातल्या मंडळींची तीच ती तक्रार ज्याने ऐकली आणि डबा बंद-चालू करण्यापुरते न थांबता मोजमाप घेतले, असा हा मनुष्य होता.

या सुजेवरील औषध २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी सुचविले. त्याचे नाव ‘कोडेल’. रांगेत किती पॅकेटे आहेत हे न पाहता प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले हे पाहावयाचे, ही त्यातील कल्पना. किमान खोळंबा ५ सहस्रांश सेकंदांच्या वर राहून असे १०० सहस्रांश सेकंद गेले, की यंत्र मुद्दाम एखादे पॅकेट गाळते आणि पाठविणाऱ्यास वेळीच सूचना पोहोचते. त्याच वर्षी एरिक डुमाझे याने यास दुसरी जोड दिली: एकच रांग न ठेवता प्रवाहागणिक निरनिराळ्या रांगा, आणि प्रत्येकीतून पाळीपाळीने थोडे थोडे. तिकिटाच्या खिडकीशी शंभर तिकिटे काढणाऱ्या वऱ्हाडामागे एकटा प्रवासी खोळंबू नये, तसे हे आहे. २०१८ च्या जानेवारीत ही पद्धत आंतरजालाच्या तांत्रिक प्रलेखांत समाविष्ट झाली. नव्या राउटरांपैकी काहींत ती असते. अनेकांत अजूनही नसते.

तिचा उपयोग करताना एक मर्म ध्यानी घ्यावे. रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते. ती जागा सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोडेमात असेल, तर राउटर कितीही शहाणा असून निरुपयोगी. त्याच्यापाशी रांगच लागत नाही. यास्तव राउटरमधील वेगाची मर्यादा जोडणीच्या मोजलेल्या वेगाहून किंचित कमी, म्हणजे ८५ ते ९५ टक्क्यांवर, बांधावी. मग अरुंद जागा राउटरमध्येच तयार होते आणि रांग त्याच्या ताब्यात येते. वेगातील दहावा हिस्सा स्वखुशीने सोडून द्यावयाचा, हे प्रथम कोणासही पटत नाही. वेगाची चाचणी घेणाऱ्या संकेतस्थळांनी लोकांस आकड्याची चटक लावली आहे, आणि त्यांपैकी पुष्कळशी वाट रिकामी असतानाचाच विलंब मोठ्या अक्षरांत दाखवितात. आजीच्या कामाचा आकडा तो नव्हे. वाट भरलेली असताना विलंब किती, हा खरा प्रश्न होय.

नोंदवहीचा रोग

दुसरे काम नोंदीचे. घरात दहा उपकरणे असली तरी बाहेरच्या जगास एकच पत्ता दिसतो. कोणते पॅकेट कोणत्या उपकरणाकडे वळवावयाचे, हे राउटर एका कोष्टकात लिहून ठेवतो. पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे १९९४ मध्ये सुचविलेली ही युक्ती आता घरोघर आहे. परंतु वहीची पाने मोजकीच असतात. एक साधे पान उघडतानाही फोन अनेक जोडण्या उघडतो. फाइलींची परस्पर देवाणघेवाण करणारे बिटटोरंटसारखे कार्यक्रम तर शेकडो अनोळखी संगणकांची दारे ठोठावतात. भरीस भर म्हणजे जुन्या नोंदी लवकर खोडल्या जात नाहीत. अनेक राउटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तीत उघडी राहिलेली जोडणी गप्प असली तरी मूळ नियमानुसार तिची नोंद ५ दिवस ठेवली जाते! स्वस्त यंत्राची वही अशा मृत नोंदींनी भरते, आणि नव्या जोडणीस जागा उरत नाही.

या रोगाचे लक्षण ओळखण्याजोगे आहे. जे आधीपासून चालू आहे ते चालूच राहते, नवे काही उघडत नाही. आजीचे बोलणे सुरळीत आणि मुलीचे पान मात्र उघडेना, असे दिसले तर वहीवर संशय घ्यावा. उपाय सोपे: नोंद ठेवण्याची मुदत एक-दोन तासांवर आणावी, यंत्रात सोय असेल तर पाने वाढवावीत, आणि बिटटोरंटच्या जोडण्यांस मर्यादा घालावी. कंपनीचा एक डबा आणि त्यापुढे स्वतःचा दुसरा अशी रचना असेल, तर दोघेही वह्या ठेवीत असतात. एकास नुसता पूल बनवून ठेवणे बरे.

हवेतील गर्दी

तिसरे काम लहरींचे. वाय-फायची जुनी आणि सर्वांत वापरलेली पट्टी २.४ गिगाहर्ट्झ कंप्रतेभोवती आहे. लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने या पट्टीवरील परवान्याची अट उठविली, आणि ती सर्वांस खुली झाली. खुल्या मैदानाचे जे होते तेच तिचे झाले. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे, बोलण्यापूर्वी कोणी बोलत नाही ना हे ऐकावयाचे, असा वाय-फायचा शिष्टाचार आहे. पंडरीसारख्या दाट वस्तीत शेजारच्या वीस डब्यांचे बोलणे ऐकू येत असेल, तर आपली पाळी येणार कधी?

या पट्टीत वाहिन्या तेरा दाखविल्या असल्या तरी त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. परस्परांपासून खरोखर अलग अशा तीनच: १, ६ आणि ११. पुष्कळ हौशी माणसे ३ किंवा ४ क्रमांक रिकामा पाहून तो निवडतात. हे अनिष्ट होय. समान वाहिनीवरील शेजारी निदान एकमेकांचे ऐकून थांबतात. अर्धवट चढलेल्या वाहिनीवरचा शेजारी म्हणजे नुसता गोंगाट. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालते आणि तिची गळती या गोंगाटात भर घालते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीत वाहिन्या अधिक आणि गर्दी कमी. मात्र तिच्या लहरी भिंतींपार तितक्या चांगल्या जात नाहीत.

येथे आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. दूरच्या खोलीतील जुना फोन सेकंदाला ६० लक्ष बिटांच्या मंद वेगाने बोलत असेल, तर १,५०० बाइटांचे एक पॅकेट हवेत २ सहस्रांश सेकंद जागा अडविते. तेच पॅकेट ३० कोटी बिटांच्या वेगाने बोलणारा नवा फोन त्याच्या पन्नासाव्या भागात उरकतो. पाळी दोघांस सारखीच मिळाल्यास वेळेचा सिंहाचा वाटा मंद उपकरणाकडे जातो, आणि सर्व घर त्याच्या गतीने चालू लागते. दुकानातील तो कॅमेरा तारेने जोडावा, असे सुचविण्याचे कारण हेच. हलणारी उपकरणे हवेवर, स्थिर उपकरणे तारेवर, ही वाटणी उत्तम.

निदान

आता निदानाचा क्रम. गर्दी चालू असतानाच तपासणी केली पाहिजे. रिकाम्या वाटेवर सारेच निर्दोष ठरते. म्हणून एका संगणकावरून मुद्दाम मोठी फाइल पाठवीत ठेवावी आणि दुसऱ्यावरून पिंग हा लहान कार्यक्रम चालवावा. तो एखाद्या पत्त्यास हाक मारून ‘ओ’ येण्यास किती वेळ लागला ते सांगतो. पहिली हाक राउटरलाच द्यावी. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. येथेच उत्तरे रखडली वा हरवली, तर संगणक तारेने जोडून पुन्हा पाहावे. तारेवर सुधारणा झाली, तर दोष हवेतला. राउटर तत्काळ उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता सेकंद-सेकंद लावतो, आणि फाइल थांबविताच तो ताळ्यावर येतो, तर ती रांगेची सूज. मुलीचे ‘फोटो थांबव ना’ हे ओरडणे म्हणजे याच परीक्षेचा घरगुती अवतार होता.

या सर्वांहून आधी मात्र डब्याच्या दिव्यांकडे पाहावे. सर्व दिवे विझून पुन्हा क्रमाने लागत असतील, तर यंत्र स्वतःच बंद पडून उठत आहे, आणि गणिताकडे वळण्याचे कारण नाही. राउटरच्या माहितीपानावर तो किती वेळ अखंड चालू आहे हेही दिसते. अशा वेळी संशय दोघांवर: वीज देणारा अडॅप्टर आणि उष्णता. गर्दीत यंत्र अधिक वीज ओढते. अडॅप्टरातील जुने कपॅसिटर सुकलेले असतील तर दाब खचतो आणि यंत्र कोलमडते. त्याच दाबाचा आणि तितक्याच किंवा अधिक अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहणे हे सर्वांत स्वस्त निदान. उष्णतेविषयी सांगावयाचे तर घरगुती राउटर सामान्यतः ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनविलेले असतात, आणि रायपूरचा मे महिना ती मर्यादा पुष्कळदा ओलांडतो. पत्र्याच्या कपाटावर, छताशी, किंवा कापडाच्या ठाणांमागे दडविलेला डबा दुपारभर शिजत असतो. तो मोकळ्या भिंतीवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीला आणला, तर लहरींचेही भले होते.

फायबरच्या डब्यावरील तांबडा दिवा लागला, तर दोष तारेत असून तो घरातून दुरुस्त होणार नाही. तसेच राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आणखी एक नोंदवही कंपनीच्या घरी आहे असे समजावे. ती भरली तर तक्रार करण्यावाचून मार्ग नाही. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितल्यास उत्तर ठरलेले: राउटर बदला. राउटर विकणारा म्हणतो कंपनी बदला, आणि ग्राहक दोघांमध्ये पैसे घालवितो. त्याऐवजी तारीख, वेळ, तारेवरून राउटरपर्यंतचा विलंब, बाहेरचा विलंब, आणि दिव्यांची स्थिती, अशी आठवडाभराची टिपणे कागदावर असावीत. राउटरपर्यंतचे आकडे निर्दोष आहेत, घरातून काही मोठे पाठविले जात नसतानाही बाहेरचे आकडे वाढतात आणि तेही रोज रात्री आठ ते दहा याच वेळेत, असे टिपणांवरून दिसले, तर ती गर्दी घरातील नसून मोहल्ल्याच्या सामायिक वाटेवरची आहे, आणि ती वाट रुंद करणे कंपनीकडे लागते.